दुसऱ्या मजल्यावरचा पेत्रोविच

या, या बाळांनो, असे जवळ सरका. वारा बोचतोय, दाराच्या आडोशाला उभे राहा. हात खिशात ठेवा आणि माझी बटणं उगाच दाबू नका. एक गोष्ट सांगते. चोराची आहे. निदान पाच दिवस तरी आम्हा सगळ्यांना ती चोराचीच वाटत होती.

मी एक जुनी घंटीची पाटी आहे. जर्मनीतल्या येना शहरात, साले नदीपासून हाकेच्या अंतरावर, एका चार मजली घराच्या दाराशेजारी भिंतीत बसवलेली. अंग पितळेचं. आठ बटणं, आणि प्रत्येक बटणाशेजारी काचेखाली कागदाची एक अरुंद पट्टी. पट्टीवर आडनाव. मित्रांनो, इथल्या घरांना तुमच्यासारखे फ्लॅट नंबर नसतात. आडनाव हाच पत्ता. पट्टीवर नाव नसेल तर पत्र नाही, पार्सल नाही, दारात आलेला डॉक्टरसुद्धा मागे फिरतो.

तुम्ही म्हणाल, जर्मनीतली पितळी पाटी मराठी कशी बोलते? त्याचं असं आहे. घंटी वाजली की घरातला माणूस भिंतीवरचा रिसीव्हर उचलून माझ्याशी बोलतो. तिसऱ्या मजल्यावर आंजर्लेकर राहतात. त्यांचा रिसीव्हर खुंटीवर नीट बसत नाही, सदा लोंबकळत असतो. त्यामुळे त्यांच्या घरातली फोडणीसुद्धा मला ऐकू येते. आणि मध्यंतरी दोन महिने तर तिथे पुण्याहून दत्तात्रयबुवा येऊन राहिले होते, चारुदत्तचे वडील. बुवा कीर्तनकार. सकाळी उठले की नमन, दुपारी पूर्वरंगाची उजळणी, संध्याकाळी उत्तररंग. मी इथे भिंतीत चिकटलेली, पण मला सगळं कीर्तन पाठ झालं. मग माझी भाषा अशी झाली तर नवल काय?

माझा जन्म नव्वद वर्षांपूर्वीचा. याच गावातल्या एका नक्षीवाल्याने मला ओतलं, घासलं, माझ्या चार कोपऱ्यांवर चार पानं कोरली. पहिल्या दिवशी घरमालकीण माझ्यासमोर उभी राहून म्हणाली होती, "हिच्याकडे बघून लोक पाय पुसतील." तेव्हा माझ्या आठही पट्ट्यांवर श्मिट, बेकर असली साधी नावं होती. मग युद्ध आलं. घराच्या काचा फुटल्या, मी राहिले. युद्धानंतर पूर्वेकडून माणसं येऊ लागली आणि माझ्या पट्ट्यांवरच्या नावांना नाना तऱ्हेच्या शेपट्या फुटल्या. पुढे केव्हातरी माझ्या पोटात बोलायची जाळी बसवली. त्या जाळीतून गेलेला पहिला शब्द मला आठवतो. "वेर?" म्हणजे "कोण?"

तेव्हापासून माझा धंदाच संशयाचा. कोण? कुणाकडे? कशाला? दिवसभर हेच. माणूस चांगला असो की वाईट, माझ्यापाशी आला की आधी त्याने आपण कोण ते सांगायचं. त्यामुळे माझा स्वभावही तसाच झाला हो. चटकन विश्वास बसत नाही.

पण नावं वाचून वाचून मला एक विद्या आली. आडनावाची शेपटी नीट बघितली तर ती एखाद्या प्रश्नाचं उत्तर असते. पोलंडचा एक विश्निएव्स्की इथे अकरा वर्षं राहिला. हे 'स्की' सांगतं, तू कुठला? तो चेरीच्या झाडांच्या गावचा. म्हणजे तुमचा 'कर'च की! आंजर्ल्याचे ते आंजर्लेकर, तसा हा. वरच्या मजल्यावर नोवाक होता. नोवाक म्हणजे नवा आलेला. खापरपणजोबा कधीतरी एका गावात नवा आला, गावकऱ्यांनी संशयाने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हा नवा." झालं! तीनशे वर्षं लोटली तरी पोरंबाळं नवीच.

दुसऱ्या मजल्यावरच्या डाव्या बटणाशेजारी मात्र एक नाही, तीन नावं होती. पेत्रोविच, सोकोलोवा, कोवालेन्को. एका काचेखाली दाटीवाटीने बसलेली. सगळ्यात वरची पेत्रोविचची पट्टी जुनी, पिवळी पडलेली, हाताने लिहिलेली. शेवटच्या 'च'वर एक छोटीशी तिरकी रेघ, तीही अगदी जपून काढलेली.

या पेत्रोविचवर माझा राग होता. सांगते का ते. एके काळी तो दर शनिवारी खाली यायचा. हातात मऊ फडका, खिशात पॉलिशची डबी. मला घासून घासून असं लखलखीत करायचा की समोरच्या बागेतली झाडं माझ्यात दिसायची. "अशी राणीसारखी दिसली पाहिजेस," असं त्याच्या भाषेत पुटपुटायचा. आणि मग चार वर्षांपूर्वी एका शनिवारी तो आलाच नाही. पुढच्याही नाही. माझ्या कोपऱ्यांतली पानं हिरवी पडली, कुणा पोराने माझ्या जाळीत च्युइंगम कोंबला, आणि याला पत्ता नाही. मी मनात म्हटलं, कंटाळला मेला. बाळांनो, आम्हा पाट्यांना माणसं मेलेली कळत नाहीत. पट्टी निघाली की आम्ही समजतो, माणूस गेला. याची पट्टी तर जागच्या जागी होती.

आता मूळ कथेकडे येते.

बुवांच्या चिपळ्या त्यांच्या गुरूंनी दिलेल्या. शिसवी लाकूड, हाताच्या घामाने काळं झालेलं, पितळी चकत्या झिजून पातळ. पन्नास वर्षं बुवा त्या चिपळ्यांवर उभे राहिले. जर्मनीला निघायच्या आधी दोन चकत्या सैल झाल्या म्हणून त्यांनी त्या दुरुस्तीला टाकल्या आणि शिष्य वेदांगला सांगितलं, "झाल्या की पाठव." येत्या रविवारी बुवा घरातच कीर्तन करणार होते. येनातली मराठी मंडळी येणार, न्युरेम्बर्गहून दोन कुटुंबं येणार. आणि मुख्य म्हणजे नात स्वानंदी, वय वर्षं नऊ, जी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर द्यायची, ती झांज घेऊन आजोबांच्या मागे उभी राहायला तयार झाली होती. एकच अट. गुरूंच्या चिपळ्या एकदा तिला वाजवू द्यायच्या. बुवांनी शब्द दिला होता. पुढच्या आठवड्यात तर बुवांचं परतीचं विमान.

मंगळवारी दुपारी पार्सलवाला आला. घाईत होता. खोक्यावरचं नाव बघितलं, माझ्या आठ पट्ट्यांवरून बोट फिरवलं, "ओ गॉट!" म्हणजे "अरे देवा!" म्हणाला आणि दिसेल ते बटण दाबत सुटला. दुसऱ्या मजल्यावरून एका बाईचा आवाज आला. त्याने खोकं वर नेलं आणि गेला. जर्मनीत ही रीतच आहे. माणूस घरी नसला की पार्सल शेजाऱ्याकडे ठेवायचं.

संध्याकाळी लोंबकळणाऱ्या रिसीव्हरमधून मला चारुदत्तचा आवाज ऐकू आला.

"बाबा, आलं की तुमचं पार्सल! वेदांगने पाठवलेला नंबर टाकला तर फोनवर दाखवतंय बघा. शेजाऱ्याकडे दिलंय. पेत्रोविच."

"कोण रे हा पेत्रोविच?"

"खालचेच. वर्ष होत आलं आपल्याला या घरात, पण कधी दिसला नाही."

"अहो बाबा, तुम्ही आधी जेवून घ्या," सून अरुंधती म्हणाली. "पार्सल कुठे पळून जातंय?"

जेवण झालं आणि चारुदत्त खाली जाऊन पेत्रोविचांच्या दाराशी उभा राहिला. तिथून मला ऐकू येत नाही. पण पाच मिनिटांत तो परतला आणि वर नुसता गलका.

"काय म्हणे, तर त्या नावाचं काही पार्सल नाही! दार इतकंच उघडलं होतं हो, बोटभर. साखळी लावलेली. म्हातारी होती एक. मी म्हटलं, हेर पेत्रोविच, म्हणजे पेत्रोविचसाहेब, आहेत का? तर म्हणाली, कोण विचारतंय? मी म्हटलं, आंजर्लेकरांचं पार्सल. तर म्हणते, आंजर्लेकर नावाचं आमच्याकडे काहीच नाही. आणि दार लावून घेतलं."

"आणि पेत्रोविच?"

"त्याचं नाव काढलं की चेहरा बदलतो बाबा तिचा. काहीतरी लपवतेय."

बुधवारी बुवा स्वतः खाली आले. डोळ्यांना चष्मा, अंगावर सुनेने दिलेला जाडजूड कोट, डोक्याला उपरणं. माझ्यासमोर उभे राहिले आणि स्वानंदीला म्हणाले, "वाच गं."

"पेत्रोविच, सोकोलोवा, कोवालेन्को."

"एका घंटीवर तीन आडनावं! घर आहे की धर्मशाळा?"

"इस्ट डोख नोर्माल, आजोबा," स्वानंदी म्हणाली. त्यात काय एवढं, असं तिला म्हणायचं होतं.

"नॉर्मल कसलं डोंबलाचं! बापाचं एक, आईचं एक, आणि हे तिसरं कुणाचं?"

तेवढ्यात हाउसमाइस्टर आला, म्हणजे घराची देखभाल करणारा हेर लुब्नित्स. हातात किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर कायमची आंबट ढेकर. स्वानंदीने त्याला पार्सलचं सांगितलं. त्याने माझ्यावर बोट आपटलं.

"विच! सगळे 'विच' असलेच. आणि 'एन्को'सुद्धा. पूर्वेकडची माणसं. लक्ष ठेवा."

मला हसू आलं हो. नव्वद वर्षं मी काय नुसती भिंतीला लटकले? या साले नदीच्या काठी हजार वर्षांपूर्वी स्लाव लोक, याच विच-एन्कोंचे भाऊबंद, शेती करत होते. इथल्या कितीतरी खेड्यांची नावं अजून 'इत्स'ने संपतात, ती त्यांनीच ठेवलेली. लुब्नित्सच्या शेपटीत तोच 'इत्स'. ज्यांना तो पूर्वेकडचे म्हणून नावं ठेवत होता, त्यांचंच नाव तो छातीवर लावून फिरत होता. पण सांगणार कोण? मी फक्त विचारू शकते, "कोण?"

बुवांच्या मनात मात्र शंका शिरली. आणि शंका म्हणजे बाळांनो, साबुदाण्यासारखी. रात्रभर भिजली की सकाळी दुप्पट. गुरुवारी ते दोनदा खाली आले. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत उभे राहिले. सोकोलोवा बाई, नाव वेरा, सत्तरीच्या, कापडी पिशवी घेऊन आत शिरल्या तर बुवांची नजर पिशवीवर. वेराबाईंनीही बुवांकडे असं बघितलं की दुधाचं दही व्हावं.

आणि खरं सांगू? मीसुद्धा वाहवत गेले. कारण मी जे ऐकलं ते बुवांनी ऐकलं नव्हतं. गुरुवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या रिसीव्हरला कुणाचा तरी धक्का लागला आणि क्षणभर आतला आवाज खाली आला. छुम! पितळेवर पितळ. मी स्वतः पितळेची, मला आमची जात कळते. चिपळ्या त्या घरातच होत्या. म्हटलं, पेत्रोविचा, आधी मला पुसायचं सोडलंस आणि आता देवाच्या चिपळ्या चोरायला लागलास?

शुक्रवारी चारुदत्तने लॅपटॉप उघडला. "बाबा, मी अनत्साइगे टाकतो. ऑनलाइन होते. पोलिसांकडे रीतसर तक्रार. हेर पेत्रोविच यांच्याविरुद्ध. नाव आहे, पत्ता आहे, पार्सलच्या नोंदीत त्यांचंच नाव आहे."

"टाक," बुवा म्हणाले.

"अहो बाबा," अरुंधती म्हणाली, "तुम्हीच परवा सांगत होतात ना, दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी आपल्या दारातली रांगोळी बघावी?"

"ते कीर्तनात गं!" बुवा ओरडले. खटकन लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत थांब चारू. उद्या नाही मिळाल्या तर टाक. रविवारी मी टाळ्यांवर करीन कीर्तन. पोरीला दिलेला शब्द तेवढा गेला."

शनिवार उजाडला. आमच्या घरात जिना धुण्याची पाळी असते. दाराच्या मुठीला एक लाकडी फळी अडकवतात, त्या आठवड्यात ज्याच्या दाराला फळी, त्याने जिना वरपासून खालपर्यंत पुसायचा. फळी आंजर्लेकरांच्या दाराला होती. चारुदत्त खुर्च्या आणायला गेला होता, अरुंधती पन्नास लाडू वळत होती. बुवा म्हणाले, "आण ती बादली. देवळाची पायरी झाडलीय मी, ही काय जड आहे?"

तिसऱ्या मजल्यापासून बुवा एकेक पायरी पुसत उतरू लागले. मागे स्वानंदी कोरडं फडकं घेऊन. आता कीर्तनकाराच्या हातात फडकं दिलं तरी गळा थोडाच गप्प बसतो? बुवांनी सुरू केलं, "रामकृष्ण हरी, जय जय रामकृष्ण हरी." आधी पुटपुटत. मग जिन्याच्या दगडी भिंतींनी आवाज उचलला, बुवांना घुमट मिळाला, आणि फडकं खांद्यावर टाकून ते लागले की गायला! तो आवाज जिन्यातून उतरत थेट दारापर्यंत, माझ्यापर्यंत आला. डावा हात छातीशी, उजवा हात हवेत, अंगठा आणि बोटं उघडतायत, मिटतायत. हातात चिपळ्या नाहीत, पण हाताला ते कुठे माहीत होतं? हे मी बघितलं नाही, मला स्वानंदीने नंतर दहा वेळा सांगितलं.

दुसऱ्या मजल्यावर बुवा पोचले आणि साखळी खळकन निघाली. दार सताड उघडलं. वेराबाई उभ्या होत्या. त्यांनी बुवांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. बुवांच्या उजव्या हाताकडे बघितलं. उघडतोय, मिटतोय.

त्या आत गेल्या आणि खोकं घेऊन बाहेर आल्या. टेपसुद्धा न फाडलेलं. कस्टमच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं, गाताना हातात वाजवायची लाकडी वाद्यं. वरती गाणाऱ्याचं नाव. नाव कसलं, वेदांगने लिहिलं होतं, 'ह. भ. प. दत्तात्रयबुवा'. बस्स. खाली रस्ता, घर नंबर, येना. आडनावाचा पत्ताच नाही.

बाळांनो, ज्या पोराने गुरूंना जन्मात कधी आडनावाने हाक मारली नाही, तो खोक्यावर तरी आडनाव कसं लिहील? त्याला तो अपमान वाटला. पण माझ्या आठ पट्ट्यांवर ह. भ. प. कुठे आहे? वेराबाईंनी मंगळवारपासून तीनदा माझ्यासमोर उभं राहून ते नाव शोधलं होतं, पण त्या काय शोधतायत ते मला तेव्हा कळलं नव्हतं. लुब्नित्सला विचारलं, तो म्हणाला, असा माणूस या घरात नाही. चारुदत्तने आंजर्लेकरांचं पार्सल आहे का विचारलं, तेव्हा त्या खरंच म्हणाल्या, नाही. सोमवारी त्या खोकं पोस्टात परत देणार होत्या, आणि चिपळ्या पुन्हा पुण्याला गेल्या असत्या. खोकं उचललं की आत छुम वाजायचं, तेच मी ऐकलं.

बुवांनी खोकं छातीशी धरलं. डोळे भरून आले. पण शंका अशी लगेच जात नाही. ते स्वानंदीला म्हणाले, "विचार त्यांना, हेर पेत्रोविच कुठे आहेत? मला त्यांना भेटायचंय."

स्वानंदीने विचारलं. वेराबाई बाजूला झाल्या आणि त्यांनी आत बोट केलं. भिंतीवर फोटो, त्याखाली पणतीएवढी मेणबत्ती. ड्रागान पेत्रोविच. चार वर्षांपूर्वी हॉस्पिटलात गेला तो घरी आलाच नाही.

मग जिन्यातच, ओल्या पायरीवर, वेराबाई बसल्या आणि बोलल्या. दारं उघडी होती, रिसीव्हरही आपटून लोंबकळला होता, मला शब्द न् शब्द आला. स्वानंदी मराठीत सांगत होती. होय, मराठीत! अडखळत, पण मराठीत.

"आजोबा, त्या म्हणतात, आमच्याकडे कुणी दाराशी येऊन माणसाचं नाव घेऊन विचारलं ना, की भीती वाटते. तिकडे त्यांच्या देशात लढाई होती तेव्हा असंच यायचे. नाव विचारायचे आणि घेऊन जायचे. आणि आता तो मेल्यावर कुणीतरी येऊन त्याचंच नाव विचारतंय, म्हणून त्या घाबरल्या. त्यांना वाटलं आपण..." तिने शब्द शोधला. "त्यांना वाटलं आपण वाईट आहोत."

"मग पाटीवर नाव का ठेवलंय अजून?"

वेराबाई हसल्या. सांगू लागल्या. पेत्रोविच म्हणजे पेटरचा तो पेत्रोव, आणि त्याचं लहानगं ते पेत्रोविच. पेटरचं पोर. ड्रागानच्या खापरपणजोबाचं नाव पेटर, आणि योगायोगाने बापाचंही. गाव जळलं, घर राहिलं नाही, बापाच्या थडग्याचा दगडही राहिला नाही. या नवराबायकोंना मूल नाही. "इथे आला तेव्हा कारखान्यात त्याच्या नावावरची ती रेघ कुणी लिहीत नसे. या पाटीवर त्याने स्वतः लिहिली. दर शनिवारी पुसायचा. म्हणायचा, वेरा, माझा बाप इथे राहतो. ती पट्टी काढली तर ड्रागान जाईल, आणि त्याच्याबरोबर पेटरही जाईल. मी सोकोलोवा, सोकोलची मुलगी. माझा बाप मी माझ्या नावात घेऊन फिरते. त्याच्या बापाला दुसरं घर कुठे आहे?"

आणि तिसरं नाव? ती ओलेना, हल्लीच्या युद्धातून निसटलेली नर्स, वेराबाईंनी तिला एक खोली दिली. मंगळवारी पार्सल तिनेच घेतलं आणि पार्सलवाल्याने वरच्या पट्टीवरचं नाव टिपून घेतलं. कोवालेन्को म्हणजे लोहाराचं पोर. तळमजल्यावरचा श्मिट, त्याचाही अर्थ लोहारच. रोज दारात एकमेकांकडे संशयाने बघणारी दोन लोहारांची पोरं!

मित्रांनो, त्या शनिवारी मला कळलं की मला पुसणारा हात का थांबला. चार वर्षं मी त्याला मेला म्हणत होते, आणि तो खरंच मेला होता. पितळेला रडता येत असतं ना, तर त्या दिवशी माझी सगळी पानं धुऊन निघाली असती.

रविवारी कीर्तन झालं. माझ्याशेजारी अरुंधतीने चिठ्ठी चिकटवली होती, 'आज दुपारी गाणं होईल, आवाजाबद्दल क्षमा असावी, आपणही यावे.' लुब्नित्स आवाजाबद्दल तक्रार करायला वर गेला तो दोन लाडू खाऊनच खाली आला. वेराबाई आणि ओलेना पहिल्या रांगेत. मागे झांज घेऊन स्वानंदी. बुवांनी चिपळ्या आधी तिच्या हातात दिल्या, तिने छुम केलं, आणि मग बुवा उभे राहिले.

उत्तररंगात म्हणाले, "गावात म्हातारी माणसं पोराला धरून विचारतात ना, कुणाचा रे तू? जगात सगळीकडे हेच विचारतात. कुणी सांगतो, पेटरचा. कुणी सांगतो, सोकोलची. आम्ही सांगतो, आंजर्ल्याचे. शेपटी वेगळी, प्रश्न एक. आणि तुम्ही विचाराल, बुवा, तुम्ही कुणाचे? आम्ही हरीचे. मग हरीचा माणूस पाच दिवस दुसऱ्या मजल्यावर काय शोधत होता? चोर. आणि चोर सापडला, मंडळी! तो तिसऱ्या मजल्यावर होता. एका मेलेल्या सज्जन माणसाचं चांगलं नाव त्याने पाच दिवस चोरून ठेवलं होतं. ते आज मी भर सभेत परत करतो." आणि त्यांनी वेराबाईंना वाकून नमस्कार केला.

बुवा पुण्याला गेले त्याला आता सहा महिने झाले. जायच्या आदल्या दिवशी स्वानंदीने आंजर्लेकरांच्या पट्टीखाली आणखी एक पट्टी सरकवली. दत्तात्रयबुवा. "पुढचं पार्सल चुकायला नको," म्हणाली. परवा अरुंधतीने विचारलं, "अगं, आजोबा तर गेले. काढू या का आता ती?" स्वानंदी माझ्या काचेवर हात ठेवून म्हणाली, "ब्लाइब्ट. राहू दे."

दर शनिवारी तीच मला पुसते. वेराबाईंनी तिला पॉलिशची डबी दिलीय, अर्धी भरलेली, ड्रागानची.

पण मला फार दिवस नाहीत. पुढच्या महिन्यात माझ्या जागी काचेचा पडदा बसणार आहे. त्यावर नावं नसतील, आकडे असतील, वरती कॅमेरा. लुब्नित्स स्क्रू ड्रायव्हर घेऊन येईल आणि आठही पट्ट्या एका पाकिटात घालेल. पाकिटाचं पुढे काय होतं ते आम्हा पाट्यांना कुणी सांगत नाही.

म्हणून बाळांनो, जाता जाता एवढंच मागते. मला विसरलात तरी चालेल, पितळ वितळतं आणि कशाचं तरी काहीतरी होतं. पण कुणाच्या दारावर अनोळखी नाव दिसलं, तर संशयाने बोट आपटण्याआधी एकदा विचारा, कुणाचा रे तू? आणि कधी शनिवारी हातात फडकं आलं, काही पुसत असलात, तर मनातल्या मनात एक नाव घ्या. ड्रागान. पेटरचा मुलगा ड्रागान. त्याची आठवण ठेवा. म्हणजे बाप आणि लेक दोघांनाही राहायला घर मिळेल.